लहान जबड्याचे नर

राजूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सुमंत धर्माधिकारीला गावात नावानं फारसं कुणी ओळखत नसे. सगळे ‘भुंगेसर’ म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी चेष्टेनं म्हटलं असेल, पण सुमंतला ते मनापासून आवडलं होतं. रतनगडापासून कळसूबाईपर्यंत कुठंही भुंगा म्हटलं की आपलंच नाव निघावं असं त्याला वाटे, आणि निघतही असे.

त्याचा सगळा जीव स्टॅग बीटलवर. कुजक्या लाकडात वाढणारा तुकतुकीत काळा भुंगा, नराच्या तोंडापुढं सांबराच्या शिंगांसारखे दोन लांब, वाकडे अवयव. “शिंगं नव्हेत ती, जबडे आहेत,” हे वाक्य सुमंत वर्गात इतक्यांदा म्हणे की पोरं त्याच्या आधीच म्हणून टाकत. शेणातला भुंगा, नारळाच्या शेंड्यात घुसणारा गेंडा भुंगा हे ह्याचे चुलत भाऊ. पण ह्याच्या मिशा कोपरातून मोडल्यासारख्या वाकलेल्या, आणि मिशीच्या टोकाची फणी चुलत भावांसारखी मिटत नाही, उघडीच राहते. त्यावरून कुळ ओळखायचं. जात ओळखायची तर जबडे बघायचे, जबड्यांवरचे दात बघायचे.

वनखात्याची परवानगी काढून, पंधरा वर्षं रानं तुडवून सुमंतनं जे भुंगे पेट्यांत लावले होते, त्यांत दोन तऱ्हेचे नर होते. एक मोठा, बाकदार जबड्यांचा. तो शास्त्रज्ञांना फार जुन्या काळापासून माहीत होता. दुसरा त्याच्या निम्म्यानं, जबडे सांडशीसारखे आखूड आणि सरळ, त्यांवर एकेकच दात. ह्या दुसऱ्याचं वर्णन सुमंतला कुठल्याही ग्रंथात सापडलं नव्हतं. ही नवी जात आहे, असं त्यानं ठरवून टाकलं. नावही ठरलं होतं: रतनगडेन्सिस, म्हणजे रतनगडचा. जातीच्या नावामागं ती जात पहिल्यांदा सांगणाऱ्याचं आडनाव लिहायची पद्धत आहे. सुमंत कधीकधी कोऱ्या कागदावर ‘रतनगडेन्सिस, धर्माधिकारी’ असं लिहून बघे आणि कागद चुरगाळून टाकी.

लेखासाठी लागणारी चित्रं त्याची बायको नीलांबरी काढायची. ती तिथल्याच शाळेत चित्रकला शिकवायची. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की ती भिंग घेऊन बसे आणि एकेका पायावरचे काटेसुद्धा मोजून उतरवी. एकदा काढता काढता तिनं विचारलं,

“अहो, ह्या लहानांच्या बायका कुठायत?”

“मिळतील. मादी शोधायला अवघड असते.”

“मोठ्यांच्या तर ढीगभर मिळाल्यात. ह्यांचीच एक मिळू नये?”

“नीला, तू चित्र काढ.”

सुमंत हे रागानं बोलला नव्हता. पण तिच्या डोक्यातून तो प्रश्न गेला नाही. त्याच पावसाळ्यात ती बन्सीच्या लाकडाच्या वखारीत गेली आणि मागं पडलेला सडका आंब्याचा ओंडका मागितला. बन्सी बघतच राहिला.

“बाई, येवढं चांगलं सागवान सोडून ह्ये न्यायचं? चुलीला बी चालत न्हाई त्ये.”

“किती द्यायचे ह्याचे?”

“द्यायचं कसलं? वखारीतली घान गेली म्हून मीच तुमाला काय तरी द्यायला पायजे.”

त्या ओंडक्यात एक मादी होती. उचलायला गेल्यावर ती नीलांबरीच्या बोटाला अशी चावली की रक्त आलं. सुमंत हसला. “आता कळलं? नराचे जबडे नुसते कुस्तीचे. दुसऱ्याला उचलून फांदीवरून खाली टाकायचं, बस्स. चावायचं काम मादीचं.” नीलांबरीनं बोटाला हळद लावली आणि मादी ओल्या, कुजलेल्या लाकडाच्या टबात ठेवली. मादीनं लाकूड कुरतडून त्यात अंडी घातली. अंड्यांतून अळ्या आल्या. पांढऱ्या, जाड, अंगाचं वेटोळं करून पडणाऱ्या. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना चावतात म्हणून तिनं प्रत्येकीला वेगळी काचेची बरणी दिली आणि बरण्या मागच्या पडवीत ओळीनं मांडल्या. अळ्या लाकूड खात आणि फुगत. बरणीला कान लावला की आत कुरतडल्याचा आवाज येई. पुढं दिवाळीत बन्सीचा ओंडका संपला. दोन बरण्यांना मऊ लाकूड पुरलं नाही. त्यांत तिनं मिळेल ते घट्ट, अर्धवट कुजलेलं भरलं. त्या दोन अळ्या काही फार वाढेनात.

सुमंत ह्या सगळ्याला ‘नीलाची बालवाडी’ म्हणायचा. कौतुकानंच म्हणायचा, मोठ्या माणसानं लहानाचं करावं तसं.

जानेवारीत अवधूत पाठक आला, आणि तिथून सगळं बिघडलं.

अवधूत हा सुमंतचा पुण्याचा वर्गमित्र. एमएस्सीला दोघं एकाच बाकावर बसायचे. तेव्हा सुमंतला दोन मार्क जास्त पडले होते, हे सुमंतच्या लक्षात होतं, अवधूतच्या नव्हतं. पुढं सुमंतला राजूरची नोकरी मिळाली आणि अवधूत पुण्याच्या एका संशोधन संस्थेत लागला. भुंगेऱ्यांच्या कितीतरी जातींच्या नावांमागं आता ‘पाठक’ लागलं होतं. त्याचे फोटो फेसबुकवर आले की सुमंत ते शेवटपर्यंत बघायचा, पण अंगठा मात्र दाबायचा नाही. तरी नवी जात जाहीर करायची तर लेख कुणा जाणत्याला दाखवणं भाग होतं. मन मारून त्यानं तो अवधूतला पाठवला. अवधूतचा फोन आला, “येतो रे बघायला. फोटोवरून काही बोलणं बरं नाही.”

आल्यावर अवधूतनं पेटीतले लहान नर भिंगाखाली बराच वेळ पाहिले आणि नुसतं “हं” म्हणाला. मग त्यानं चित्रं घेतली.

“ही कुणी काढलीत?”

“हिनं,” सुमंत म्हणाला.

“वहिनी, तुम्ही ह्या दाताच्या खाली एक पुसट घडी दाखवलीय. मोठ्या नराच्या चित्रातही तीच घडी आहे. सुमंतच्या लेखात तिचा उल्लेखच नाही.”

“दिसली म्हणून काढली,” नीलांबरी म्हणाली.

“तेच तर करायचं असतं.”

मग त्याला पडवीतल्या बरण्या दिसल्या आणि तो तिथंच बसला. जेवण झालं तरी तिथंच. सुमंत चहा टाकायला आत गेला. नवरा चहा टाकतोय आणि बायको पाहुण्याशी बोलतेय, असं त्या घरात पहिल्यांदाच होत होतं. आतून त्याला अवधूतचा आवाज ऐकू येत होता.

“पूर्वी फार गंमत झालीय ह्या कुळात. एकाच जातीचा मोठा नर सापडला, त्याला एक नाव. मधला सापडला, त्याला दुसरं. पिटुकला सापडला, त्याला तिसरं. मादी तर आणखी वेगळी. मग कुणीतरी एका आईच्या अळ्या वाढवून दाखवल्या, की मागची सगळी नावं रद्द. पहिलं तेवढं राहतं.”

“म्हणजे अळीला खायला कमी पडलं, तर भुंगा लहान होतो?”

“भुंगा लहान होतो, आणि जबडा त्याहूनही लहान होतो. भुंगा झाल्यावर झाडाचा कितीही रस प्यायला, तरी मग तो वाढत नाही.”

“मग ह्या दोन बरण्या बघा तुम्ही,” ती म्हणाली. “ह्यांच्या वाट्याला घट्ट लाकूड आलंय.”

अवधूत मोठ्यानं हसला. आनंदानं, लहान मुलाला खेळणं मिळावं तसा. सुमंत ट्रे घेऊन बाहेर आला, तर दोघांची डोकी एकाच बरणीवर वाकलेली. नीलांबरीच्या चेहऱ्यावर असं तेज त्यानं त्यांच्या लग्नानंतर क्वचितच पाहिलं असेल.

“सुम्या,” अवधूत मान वर न करता म्हणाला, “लेख थांबव. वहिनींच्या बरण्यांचं काय होतं ते बघ, मग ठरवू.”

वहिनींच्या बरण्या! पाहुणा गेला तरी ते दोन शब्द सुमंतच्या कानातून जाईनात.

त्यानंतर फोन सुरू झाले. अळीनं कात टाकली का, लाकडाचा ओलावा किती, असं अवधूत विचारायचा, पण सुमंतला नाही, तिला. महिन्याभरानं पार्सल आलं. त्यात डोक्याला पट्ट्यानं बांधायचं चांगलं भिंग होतं, नीलांबरीच्या नावावर. ती ते लावून आरशात बघून हसली. सुमंत म्हणाला, “सोनारासारखी दिसतेस.” ती आणखीच हसली, ह्या बोलण्यात विष आहे हे तिला कळलंच नाही. ती शाळेत गेली की सुमंत तिच्या मोबाईलवर आलेले मेसेज आठवून आठवून जळायचा. बायकोचं मन दुसऱ्या पुरुषावर गेलंय असं काही असतं, तर त्याला चिडायला सोपं गेलं असतं. तसं काहीसुद्धा नव्हतं. ती भुंग्यांकडं बघत होती आणि अवधूत तिच्या बघण्याला दाद देत होता. ती दाद सुमंतला हवी होती. विशीपासून हवी होती.

मार्चमध्ये नीलांबरीच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ती आठवड्यासाठी राहात्याला माहेरी गेली. जाताना दहादा सांगून गेली: ऊन लागू देऊ नका, लाकूड सुकलं तर जरासं पाणी शिंपडा, बरण्या हलवू मात्र नका, आता कोष झालेत.

दोन दिवस सुमंत पडवीत गेलाच नाही. तिसऱ्या दुपारी गेला. अळ्यांनी बरणीच्या काचेला लागूनच लाकडाचा चोथा दाबून पोकळ्या केल्या होत्या, त्यामुळं आतलं सगळं दिसत होतं. पहिल्या बरणीत पिवळसर कोष पडला होता. डोकं छातीवर दुमडलेलं, आणि पोटापर्यंत आलेले लांब, बाकदार जबडे. त्यानं पुढच्या बरण्या पाहिल्या. कडेच्या, घट्ट लाकडाच्या दोन बरण्यांपैकी एकीपाशी तो थांबला. त्यातला कोष निम्म्यानं होता. जबडे आखूड, सरळ, त्यांवर एकेक दात.

त्याचा रतनगडेन्सिस तिथं पडला होता, त्या मोठ्याचा सख्खा भाऊ म्हणून.

सुमंत जमिनीवरच बसला. पंधरा वर्षं तो हे भुंगे मेलेले बघत आला होता. ते घडताना बघायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. आणि जिला सुचलं, तिला तो ‘तू चित्र काढ’ म्हणाला होता. त्याला शरम वाटायला हवी होती. वाटली ती आग. उद्या हे अवधूतला कळणार. दोघं मिळून हसणार. पडवीच्या कडेला पश्चिमेचं ऊन यायला लागलं होतं. सुमंतनं ती लहान कोषाची बरणी उचलली, कडेला उन्हात ठेवली आणि आत जाऊन पेपर उघडला. एक ओळ वाचून झाली नाही. परत बाहेर आला. काच कोमट झाली होती आणि आतला कोष पोट हलवून कूस बदलायला बघत होता. सुमंतनं घाईनं बरणी सावलीत आणली, पाण्याचा हात फिरवून काच गार केली. दया आली की भीती वाटली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी सकाळी तो कोष फुटला. पाठीवरची कात उलली आणि आतून भुंगा हळूहळू मोकळा झाला. डोकं तांबूस, पंखांची झाकणं दुधासारखी पांढरी. त्यानं दुमडलेली मान वर उचलली. कॉलेजला न जाता तो दुपारपर्यंत तिथं बसला. झाकणांवर रंग चढताना पाहिला. मग मोबाईल घेतला. पडद्यावर नीलांबरीचं नाव वरच होतं. त्यानं ते सरकवून खालचं अवधूतचं दाबलं.

“अवधूत, सिद्ध झालं. एकाच मादीची पोरं, एक मोठ्या जबड्याचा, एक लहान. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझीच जात मी खोडून काढतोय. आता हा लेख मी नव्यानं लिहितो.”

“वा! आणि वहिनी?”

“तिची मदत झालीच की.”

हे वाक्य किती सहज आलं, ह्याचं सुमंतला फोन ठेवल्यावर नवल वाटलं. पण वाटलं तेवढंच. त्यानं झपाट्यानं लेख लिहिला. वर एकट्याचं नाव, आणि शेवटी एक ओळ: चित्रांसाठी व अळ्यांच्या देखभालीसाठी सौ. नीलांबरी धर्माधिकारी यांचे आभार.

शनिवारी तो तिला आणायला स्टँडवर गेला. वाटेत ती आईच्या डोळ्याबद्दल दोनच शब्द बोलली. घरी आल्यावर पिशवी ठेवून सरळ पडवीत गेली. भुंगा आता काळा झाला होता.

“कधी निघाला?”

“मंगळवारी.”

“आज शनिवार आहे.”

“तुझ्या आईचं चाललं होतं, म्हटलं कशाला...”

“अवधूतभावजींचा फोन आला होता राहात्याला. म्हणाले, वहिनी, तुमची मदत फार मोलाची झाली.” ती त्याच्याकडं वळली. “काय काय मदत केली हो मी? सांगा तरी.”

सुमंतनं काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

“पंधरा वर्षं मी रानं तुडवली! जळवा लावून घेतल्या पायाला! तू चार बरण्या मांडल्यास, आणि तो... तो तुलाच विचारतो. एकदा तरी मला म्हणाला का, की सुमंत, तुला काय वाटतं?”

नीलांबरीनं भुंग्याची बरणी हातानं मागं सरकवली.

“म्हणजे राग त्यांचा, आणि काढला माझ्यावर.”

“तुझाही आहे,” सुमंत म्हणाला. “मला दिसायला हवं होतं ते तुला दिसलं. त्याचा आहे.”

हे ऐकून ती विरघळेल असं त्याला कुठंतरी वाटलं होतं. ती विरघळली नाही. आत गेली, टेबलावरची सगळी चित्रं गोळा केली आणि आपल्या शाळेच्या फाईलमध्ये ठेवली.

“ही माझी आहेत. लेखात हवी असतील, तर लेखावर नाव कुणाचं ते आधी ठरवा.”

मग घरात अबोला. ताट वाढलं जायचं, बोलणं नाही. सुमंतनं मोबाईलवर फोटो काढून पाहिले. काळ्यावर काळं, दात दिसेना. स्वतः चित्र काढून पाहिलं, तर भुंग्याचं झुरळ झालं. तो कागद त्यानं तिच्या हाती लागायच्या आत फाडला. कॉलेजात शिकवताना जबड्यांचा विषय आला आणि त्याला पुढं बोलवेना. शेवटी स्टाफरूममध्ये कुणी नाही असं बघून त्यानं अवधूतला फोन लावला.

“अवधूत, बरण्या तिच्या होत्या. अळ्या वाढवायची कल्पनाही तिचीच.”

“माहीत आहे की मला,” अवधूत म्हणाला. “जानेवारीत मी बघून गेलो नव्हतो का? तू स्वतःहून सांगशील म्हणून थांबलो होतो.”

म्हणजे खरं बोलूनही पदरात काही पडलं नाही. उलट अवधूत आता ह्या बाबतीतही एक पाऊल पुढं होता. सुमंत घरी गेला, लेखावर पहिलं नाव नीलांबरीचं घातलं, दुसरं आपलं, आणि आभाराची ओळ काढून टाकली. प्रत तिच्यापुढं ठेवली. तिनं चष्मा लावून सगळी वाचली, दोन चुका दाखवल्या आणि फाईल उघडून चित्रं काढून दिली. “जेवायला बसा,” म्हणाली. अबोला सुटला, पण तिच्या बोलण्यात काहीतरी पूर्वीचं राहिलं नाही. नवऱ्याला विचारून करायची सवय तिनं सोडली.

लेख छापून आला. त्यात नवी जात नव्हती. मोठ्या नराच्या जुन्या जातीतच लहान नरांचं वर्णन घातलेलं होतं. अवधूतनं पुण्याला एक छोटी सभा ठेवली आणि त्यात बोलायला नीलांबरीला बोलावलं. सुमंत तिसऱ्या रांगेत बसला. ती अडखळत सुरू झाली. मग पडद्यावर चित्रं आली आणि शाळेतल्या मुलांना सांगावं तसं सोपं सांगत गेली. लोक हसत होते, मान डोलवत होते. शेवटी एका मुलीनं विचारलं, लहान जबड्याचे नर लढाईत हरत असतील, तर ते संपून का जात नाहीत? सुमंत खुर्चीत सरसावला. ह्याचं उत्तर त्याला पाठ होतं. नीला आपल्याकडं बघेल, म्हणेल की हे सर सांगतील, असं त्याला वाटलं. तिनं बघितलंही नाही.

“ते भांडायला जातच नाहीत,” ती म्हणाली. “दोन मोठे एकमेकांना उचलून पाडत असतात, तेवढ्यात हा बाजूनं जाऊन मादी गाठतो. त्याचीही पोरं होतात. आणि त्या पोरांना चांगलं लाकूड मिळालं, तर ती मोठ्या जबड्याची होतात.”

टाळ्या पडल्या. सुमंतनंही वाजवल्या, सगळ्यांच्या जरा मागून.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. नारायणगाव मागं पडेपर्यंत सुमंतनं दम धरला.

“त्या मुलीला तू अर्धंच उत्तर दिलंस.”

“मग उरलेलं तुम्ही का नाही सांगितलंत?”

“मला कुणी विचारलं नाही.”

“मलाही कधी कुणी विचारलं नव्हतं,” नीलांबरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग तिनंच मान वळवली. “सांगा आता. काय राहिलं?”

सुमंत सांगायला लागला. घाटात, गाडीच्या आवाजावर आवाज चढवून, संगमनेर येईपर्यंत सांगत राहिला. तिनं दोनदा त्याला अडवलं. त्यातल्या एका ठिकाणी तिचंच बरोबर होतं. ते लक्षात आलं तेव्हा तो पुन्हा तसाच जळला, अगदी जानेवारीतल्यासारखा. “हं, ते खरंय तुझं,” तो म्हणाला, आणि पुढं बोलू लागला.